न नेलेला हात

४ ऑगस्ट

डॉक्टरांनी सांगितलं, रोज लिहून ठेवा. बीपी किती, गोळ्या दिल्या का, पोट साफ झालं का. ते सगळं लिहिलं तरी पान अर्धं कोरं राहिलं. चांगलं पान वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून उरलेल्या जागेत हे.

ही इस्पितळातून घरी आली त्याला महिना झाला. डाव्या अंगावरून वारं गेलंय. बोलणं थोडं बोबडं झालं, पण तिखटपणा जिथल्या तिथे आहे. एक फरक मात्र पडला. चाळीस वर्षं मला 'अहो' म्हणत होती, आता सरळ 'ए' म्हणते. लेकीला फोनवर गंमत म्हणून सांगितलं, तर ती रडायलाच लागली. मला खरं तर ते आवडतं.

लेकीचं म्हणणं, आईला तिच्या गावातल्या शुश्रूषागृहात ठेवावं. मी म्हटलं, आम्ही दोघांनी जन्मभर लोकांचे डाग काढले, तेव्हा माझी बायको मला सांभाळता येईल. शेवटी तडजोड झाली. आई इथेच राहील, पण काही बिघडलं की लेक येऊन घेऊन जाईल आणि मी वाद घालायचा नाही. मी हो म्हटलं. नाही म्हणून सांगतो कुणाला?

दिवसा हिच्याकडे बघायला नर्सिंग ब्यूरोने एक बाई पाठवलीय. पंचविशीतली असेल. सकाळी आली की जी सुरू होते ती संध्याकाळी चप्पल घालेपर्यंत. मी तिला रेडिओ म्हणतो. हिला ती फार आवडते. आमचं लाँड्रीचं दुकान पुढे आणि राहायची खोली मागे, त्यामुळे मला काउंटरवर बसून दोघींचं खिदळणं ऐकू येतं.

आज सकाळी ही स्वतःच्या डाव्या हाताकडे बराच वेळ बघत होती. मग मला हाक मारली.

"ए, हा कुणाचा हात आहे?"

"तुझाच."

"माझा नाही. गिऱ्हाईकाचा राहिलाय. वर टाक."

तीन-तीन महिने कुणी न्यायला येत नाही असे कपडे आम्ही माळ्यावरच्या दांडीवर टाकतो, ते ही म्हणत होती. रेडिओ पदर तोंडात धरून हसली. मीही हसलो. मग पुढे जाऊन प्रेसच्या मागे जरा उभा राहिलो, कारण हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

डॉक्टर म्हणतात असं होतं. त्या बाजूची बातमी मेंदूला पोचत नाही, म्हणून ती बाजू आपली वाटत नाही. ताटातलंही ती उजव्या बाजूचंच खाते आणि जेवण संपलं म्हणते. मग मी ताट फिरवतो आणि ती म्हणते, अगोबाई, अजून आहे की.

७ ऑगस्ट

एक युक्ती केली. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाईकाचा एक आकडा असतो, तो कॉलरच्या आत पक्क्या शाईने घालायचा. नाजूक कपड्याला शाई चालत नाही, त्याला आकडा लिहिलेली कापडाची पट्टी बांधायची. आमच्या घरच्या कपड्यांची खूण शून्य. तर मी एका पट्टीवर शून्य काढलं आणि हिच्या डाव्या मनगटाला बांधलं. म्हटलं, आता बोल.

हिने पट्टी डोळ्यांजवळ नेऊन नीट तपासली. म्हणाली, "खूण आमची आहे. माल आमचा नाही."

१३ ऑगस्ट

त्या हाताची कातडी फार कोरडी पडलीय. बोटांच्या मधे लाल होतं आणि पांढरा भुसा निघतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने दुकानातून कपडे नेता नेता बघितलं. म्हणाला इसब दिसतंय, ही ट्यूब दोन आठवडे लावा. हिला विचारलं खाजतंय का, तर म्हणाली, "मला काय माहीत? ज्याचा हात आहे त्याला विचार."

३० ऑगस्ट

ट्यूब गुणाची आहे. लाली गेली. पट्टीखाली थोडा खरखरीतपणा राहिलाय म्हणून केमिस्टकडून आणखी दोन आणल्या. तो ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं. तेव्हा मी हिच्याजवळ बसतो, तो हात मांडीवर घेतो आणि सावकाश मलम चोळतो. हिचा हात कधी जागेवर राहिलाच नाही. सतत काहीतरी घडी घालत, झटकत, मोजत. हातात घेतला तर म्हणायची, सोडा, कामं पडलीत. आता तासभर माझ्या मांडीवर असतो. हे लिहायला नको, पण मला ती दुपार हवीशी वाटते.

मग मी हिच्याकडे पाठ करून बसतो आणि ही उजव्या हाताने माझी पाठ खाजवते. ही आमची लग्नापासूनची रीत. "वर? खाली? तिथेच?" एवढं एक काम ती अजून पहिल्यासारखं करते. गुळगुळीत कापडातली सुरकुती जशी तिला न बघता सापडायची तशी माझ्या पाठीवरची जागा सापडते.

१९ सप्टेंबर

माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटलीय. बारीक पुटकुळ्या आल्यात. नवीन साबणपावडर आणली तीच भोवली बहुतेक. रेडिओ म्हणाली, काका, हात खाजला की पैसे मिळतात. मी म्हटलं, दोन्ही हात खाजतायत, म्हणजे येतील तितकेच जातील.

२७ सप्टेंबर

पावडर बदलली, काही फरक नाही. अंथरुणात अंग गरम झालं की खाज वाढते. कंबर, काखा, मनगटं. दुकानातला प्रेसवाला, जो हिला उचलायला हात देतो, तोही खाजवतोय, त्याला मी ती भोवलेली पावडर संपवायला दिली होती, त्यामुळे त्याचं सोडा. पण रेडिओसुद्धा बोलता बोलता कोपर खाजवते. तिचा पावडरशी काय संबंध?

लेकीचा फोन आला. सगळं ठीक, म्हटलं.

५ ऑक्टोबर

आज नको ते झालं. नेहमीच्या एक बाई साड्या न्यायला आल्या होत्या. प्रेसवाला त्यांच्यासमोर पोट खाजवत होता. त्या घडी हातात घेता घेता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे खरूज वगैरे नाही ना?" हसत म्हणाल्या, पण साड्या दोन बोटांत धरून नेल्या.

खरूज. आमच्या घरात. जिथे पाणी उकळल्याशिवाय फडकंसुद्धा धुतलं जात नाही तिथे. दुपारभर डोकं भणभणलं. मी चादरी उकळतो, मी दिवसातून दोनदा आंघोळ करतो, प्रेसवाला सोवळ्यात असल्यासारखा राहतो. बाहेरून रोज येतं कोण? एका खोलीत सात माणसं राहतात तिकडून कोण येतं?

संध्याकाळी रेडिओला पुढे बोलावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती काहीतरी बोलत होती, मी ऐकून घेतलं नाही. महिन्याचा पूर्ण पगार दिला, उगाच कुणाचं ठेवून घेतलं असं व्हायला नको. ब्यूरोलाही फोन करून कारण सांगितलं, म्हणजे आणखी कुणाच्या घरी असं होणार नाही. हे कर्तव्यच होतं.

हिला सांगितलं तेव्हा ही भिंतीकडे बघत राहिली. उजव्या भिंतीकडे.

६ ऑक्टोबर

"तिला बोलाव."

दिवसभरात एवढंच बोलली. मी समजावलं की तुझ्याच काळजीपोटी केलं, तुला लागली असती तर काय झालं असतं? ही म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी." आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणून गप्प बसलो.

१४ ऑक्टोबर

आठवडाभर एकच काम. घरातला कपडा न् कपडा उकळला. उश्या उन्हात घातल्या. हिची लोकरीची शाल तेवढी ठेवली, लोकरीला गरम पाणी लावायचं नसतं, आटून बाहुलीची शाल झाली असती. ती नुसती झटकली. खाज तसूभर कमी झालेली नाही. रेडिओ जाऊन नऊ दिवस झाले तरी हे काय? बहुतेक जाता जाता घर भरून ठेवलं.

घरात हीच एक सुखी आहे. माझी रक्त येईपर्यंत नखं चालतात, आणि ही शांत पडलेली असते. एकदा म्हणून खाजवलं नाही. मी म्हटलं, बघ, तुझी कातडी किती गुणी. 

रेडिओ नसल्यापासून सगळं मीच करतो. आंघोळ, कुशी बदलणं, भरवणं. कंबर मोडते, पण लेकीला सांगायची सोय नाही. सांगितलं की ती गाडी घेऊन दारात उभी राहील.

२१ ऑक्टोबर

आज मलम लावायला बसलो तर हिने उजव्या हाताने माझा हात ढकलला.

"त्याला हात लावू नकोस. तो हात चांगला नाही."

"अगं, तुझा हात आहे. पट्टी बघ."

"तो चांगला नाही म्हणते ना. दूर हो."

म्हणजे परत तेच डोक्यातलं खूळ. वाटलं होतं, यातून बाहेर आली. मी जबरदस्तीने हात मांडीवर घेतला आणि लावायचं ते लावलं. मग नेहमीसारखी पाठ केली, तर खाजवायलाही तयार नाही. "जा तिकडे, लांब बस," म्हणाली. रेडिओला काढल्याचा राग अजून गेला नाही. इतक्या वर्षांत हिने जेवण वाढायचं थांबवलं असेल, बोलायचं थांबवलं असेल, पण पाठ कधी नाही म्हटली नव्हती. मला फार लागलं ते.

२८ ऑक्टोबर

तळवा जाड झालाय. पिवळट खपल्या, भेगा. नखं उचलली गेलीत. ट्यूब लावली की दोन दिवस बरं दिसतं आणि मग दुप्पट येतं. आता दिवसातून चारदा लावतो आणि वरून सुती हातमोजा घालतो.

१ नोव्हेंबर

काल हिला ताप आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने हातमोजा काढला, बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, आजच्या आज कातडीच्या डॉक्टरकडे न्या.

कातडीच्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या आहेत. त्यांनी आधी हातमोजे घातले, मग कात्रीने मनगटावरची पट्टी कापली. शून्याच्या खाली कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. एक खपली खरवडून काचेवर घेतली, यंत्राखाली धरली आणि मला म्हणाल्या, बघा.

मी बघितलं. पायांचे बारके किडे, एकावर एक. हलत होते.

खरूजच आहे, म्हणाल्या, पण तिचा सगळ्यात वाईट प्रकार. तुमच्या अंगावर दहा-बारा किडे असतील, ह्यांच्या या एका हातावर हजारो आहेत. घरात आधी कुणाला झालं असं तुम्हाला वाटतं?

मी रेडिओचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं. उघडलेलंच राहिलं.

२ नोव्हेंबर

बाईंनी सांगितलं ते नीट लिहून ठेवतो, कारण काल डोक्यात शिरत नव्हतं.

खाज म्हणजे नुसता त्रास नव्हे, ती आरोळी असते. किडा कातडीत शिरला की तिथली नस मेंदूला कळवते, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनाही उठवते. आपण खाजवतो, त्यात पुष्कळ किडे निघून जातात. पहारेकरी तिकडे धावतात, ते बाकीच्यांना वाढू देत नाहीत. या दोघांचं आतून काय काय बोलणं चालतं ते अजून सगळं कुणालाच कळलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. हिच्या डाव्या बाजूची आरोळी मेंदूपर्यंत पोचत नव्हती. खाज नाही म्हणून खाजवणं नाही. हात शांत होता तो बरा होता म्हणून नव्हे.

"आणि पहारेकरी?" मी विचारलं.

त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि उलटीसुलटी करून बघितली. या मलमाने लाली जाते, कारण ते पहारेकऱ्यांना झोपवतं, म्हणाल्या. इसब असतं तर ठीक होतं, तेही दोन आठवडे. किती दिवस लावलंत?

ऑगस्टपासून. दुपारी तासभर. शेवटी शेवटी दिवसातून चारदा.

त्यांनी ट्यूब टेबलावर ठेवली. नंतर हळू आवाजात म्हणाल्या, चिठ्ठीशिवाय देणाऱ्याचीही चूक आहे. त्यांनी माझ्यासाठी म्हटलं ते, कळलं मला.

किडे मुळात कुठून आले? कदाचित इस्पितळातूनच, आता सांगता येणार नाही. पण हिच्यापासून सगळ्यांना गेले हे नक्की. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा मी मांडीवर घेऊन बसत होतो.

हिला गोळ्या, नवीन मलम, खपल्या मऊ करायला आणखी एक मलम. ज्यांनी ज्यांनी हिला हात लावला त्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, नाहीतर परत सुरू. तुम्ही, प्रेसवाला, दिवसा येणारी बाई असेल तर तीही, म्हणाल्या. शाल पिशवीत बांधून ठेवायची.

दिवसा येणारी बाई.

४ नोव्हेंबर

दोन दिवस जाईन जाईन करत आज गेलो. पत्ता ब्यूरोने दिला. सगळी चूक माझी होती हे ब्यूरोलाही आधी सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, तिला तेव्हापासून कुठेच पाठवलेलं नाही.

रेडिओ बहिणीकडे राहते. खोली लख्ख होती. भांडी माझ्या दुकानातल्या प्रेसपेक्षा चकचकीत. तिला मेव्हण्याने दाराजवळ वेगळं झोपायला लावलं होतं, ताटवाटीही वेगळी. बहिणीची दोन्ही मुलं खाजवत होती. मी औषधाची पिशवी पुढे केली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मेव्हण्यालाही ऐकू जाईल असं सांगितलं. एवढं तरी करायलाच हवं होतं.

ती नेहमीची बडबडी, पण मधे एक शब्द बोलली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "काका, तुमच्याकडे यायच्या आधी माझ्या अंगावर एक पुटकुळी नव्हती. त्या दिवशी मी हेच सांगत होते."

मी म्हटलं, चुकलो.

"आणि काकूंचा हात बघा, असंही सांगत होते. तुम्ही पैसे मोजत होतात."

मग तिने पिशवी घेतली, औषध कसं लावायचं विचारलं, आणि काकू जेवतात का विचारलं. मी खरं ते सांगितलं.

९ नोव्हेंबर

रेडिओ परत आली. मी बोलावलं नव्हतं, मला तोंडच नव्हतं. सकाळी दारात उभी राहिली आणि सरळ मागे गेली. ही तिला बघून इतकी रडली की मला घाबरायला झालं. वारं गेल्या दिवशीसुद्धा रडली नव्हती.

माझ्याशी कामापुरतं बोलते. गरम पाणी. टॉवेल. डॉक्टर कधी येणार. हिच्याशी मात्र दार लोटून बोलत बसते. मी काउंटरवर बसून आवाज ऐकतो. शब्द कळत नाहीत, पण पूर्वीही कुठे कळत होते.

मलमाने मऊ झालेल्या खपल्या ती कोमट पाण्यात हळूहळू सोडवते. खाली कोवळी गुलाबी कातडी आहे.

१५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई खूश आहेत. काचेवर किडे फार कमी दिसले. भेगा मात्र खोल आहेत, जपा म्हणाल्या, तिथून दुसरे जंतू आत जातात.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. आता सुधारतंयच, मग कशाला. पुढच्या आठवड्यात सांगेन.

१८ नोव्हेंबर

आज दुपारी दुकान बंद करून मागे आलो तर ही जागी होती. रेडिओ जेवायला बसली होती. ही कपाळाला आठ्या घालून डाव्या हाताकडे बघत होती, आणि उजव्या हाताने त्याचा तळवा खाजवत होती. एकदा नाही, परत परत.

"काय झालं?" मी विचारलं.

"ए, माझा हात खाजतोय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कुणाचा?"

"माझा," ही म्हणाली. "बहिरा झालास का?"

रेडिओ घास तसाच ठेवून उठून आली. मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो, लिहायला लाज वाटत नाही. ही वैतागली. खाजतोय माझा आणि रडतोस तू. मग म्हणाली, उगाच खाजवून खरूज काढू नकोस, आधीच काढलीयेस ती पुरे. आम्ही तिघंही हसलो. रेडिओ माझ्याकडे बघून हसली, महिन्याभरात पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, नसा थोड्या जाग्या होतायत. मी नवी पट्टी आणली होती, शून्य काढून ठेवलेली. हिने ती हातातून घेतली आणि बाजूला टाकली. "घरातल्या घरात कशाला खूण," म्हणाली.

मग म्हणाली, पाठ कर इकडे.

बाईंनी अजून नको म्हणून सांगितलं होतं. मी पाठ केली. वर, खाली, तिथेच. "केवढं खाजवलंयस रे," म्हणाली. "मी लांब बस म्हटलं होतं की नाही तुला?"

२१ नोव्हेंबर

पहाटे थंडी वाजून ताप. इस्पितळ. लेकीला फोन केला, सगळं सांगितलं.

२३ नोव्हेंबर

भेगांमधून जंतू रक्तात गेले, म्हणतात. इथे हिच्या डाव्या मनगटाला त्यांची प्लास्टिकची पट्टी बांधलीय, आकडा लिहिलेली. आज थोडी शुद्धीवर होती तेव्हा तिने ती बघितली आणि मला म्हणाली, "ए, ह्यांचा माल झाला."

मी म्हटलं, नाही, आपलाच आहे, धुऊन झाला की नेऊ. तिने डोळे मिटले.

लेक आली. माझे हात बघितले, मनगटं बघितली. दोन महिने खाजवत होतात आणि मी रोज विचारत होते ना बाबा, म्हणाली. मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू आईला घेऊन गेली असतीस.

"नेलं असतं," ती म्हणाली.

मग खुर्ची ओढली. माझ्या शेजारी बसून राहिली. बाहेरच्या बाकावर रेडिओ होती. सुट्टी असताना आली होती.

२६ नोव्हेंबर

ही गेली. दुपारी दीडला. दुकान बंद असायची वेळ.

हात माझ्या हातात होता. डावाच होता.

५ डिसेंबर

बीपी, गोळ्या, पोट. कशाचं लिहायचं आता.

लेक तिच्याकडे चल म्हणते. मी दुकानाचं निमित्त पुढे केलं. ती माझ्यावर रागावलेली नाही असं म्हणते. लहानपणीसुद्धा तिला खोटं बोलता येत नसे. जाताना माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि रोज फोन करायचा म्हणाली, आणि या वेळी खरं सांगायचं.

१२ डिसेंबर

खाज अजून आहे. बोटांच्या मधे, मनगटांवर. औषध दोनदा झालं तरी आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हात काचेखाली धरून बराच वेळ बघितला. एकही जिवंत किडा नाही, म्हणाल्या. ते केव्हाच मेले. पण त्यांचं काहीबाही अजून कातडीत आहे, आणि शरीर अजून त्याच्याशी भांडतंय. काही आठवडे चालतं असं. खाजेच्या गोळ्या दिल्या.

घरी येऊन गोळ्या खणात ठेवल्या. हे किडे हिच्या हातावरून माझ्या हातावर आले होते. त्या दुपारी आले होते, हात मांडीवर असताना. मला त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

२० डिसेंबर

रेडिओला ब्यूरोने दुसरं घर दिलंय, चांगले लोक आहेत. बहिणीचे कपडे इस्त्रीला टाकायच्या निमित्ताने येते. आज मागे जाऊन तिने चहासाठी चमचा काढायला खण उघडला आणि गोळ्यांचं पाकीट बघितलं. एकही काढलेली नव्हती. तिने पाकीट हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं. मी मनगट खाजवत होतो.

मला वाटलं आता व्याख्यान देणार. तिने पाकीट होतं तिथे ठेवलं आणि खण लावला. मग तासभर नव्या घरातल्या आजोबांच्या गोष्टी सांगत बसली. मी सगळ्या ऐकल्या.

२९ डिसेंबर

पिशवीत बांधलेली शाल आज सोडली. आता वापरायला हरकत नाही. थंड पाण्यात हाताने धुतली, पिळली नाही, आडवी वाळत घातली. घडी घालताना कोपऱ्यात शून्य दिसलं, हिच्या हातचं. माझं शून्य नेहमी वाकडं येतं, हिचं गोल यायचं.

खाज कमी झालीय. रात्रीची तेवढी येते.

७ जानेवारी

सकाळी दुकान उघडलं. हॉटेलच्या चादरी आल्या होत्या, प्रेसवाला उशिरा आला, त्याला बोललो. दुपारी एकला दार ओढून मागे आलो आणि सवयीने पलंगाच्या कडेला बसलो, पाठ पलंगाकडे करून. बसल्यावर लक्षात आलं.

आणि मग आणखी एक लक्षात आलं. सकाळपासून मी एकदाही खाजवलं नव्हतं. रात्रीही नाही. काल खाजवलं होतं का, तेही आठवेना.

खिडकीशी जाऊन उजेडात हात धरले. बोटांची बेचकी बघितली, मनगटं बघितली, दोन्ही. मुद्दाम नख लावून बघितलं, वर, खाली. काही नाही. कातडी अगदी स्वच्छ आहे.